आवाज, सवय आणि समोरचा वाचक

१

'लेखकाला स्वतःचा आवाज सापडणे' हा शब्दप्रयोग आपल्या समीक्षेत इतका रुळला आहे की, त्यातील रूपकाकडे आता कोणाचे लक्ष जात नाही. आवाज ही कोठेतरी आधीच सिद्ध असलेली वस्तू आहे, लेखक तिच्या शोधात असतो आणि एखाद्या भाग्याच्या क्षणी ती त्याच्या हाती लागते, असे त्यात गृहीत धरलेले असते. एखाद्या कवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या संग्रहाविषयी लिहिताना 'येथे कवीला स्वतःचा सूर गवसला आहे' असे वाक्य आपण सहज लिहून जातो. तो सूर पहिल्या संग्रहाच्या वेळी कोठे होता आणि तो गवसला म्हणजे नेमके काय घडले, हे प्रश्न मात्र तसेच राहतात.

या प्रश्नांकडे मी येथे एका मर्यादित बाजूने पाहणार आहे. ती बाजू समीक्षकाची कमी आणि लिहिणाऱ्या व्यक्तीची अधिक आहे. नांदेडला मराठीचे अध्यापन करीत असताना गेली सात वर्षे मी दर रविवारी एक ललित स्वरूपाचा लेख ऑनलाइन प्रसिद्ध करीत आले आहे. हे लेखन संपादकाच्या हाताखालून जात नाही, त्याला पृष्ठमर्यादा नसते आणि प्रसिद्ध झाल्यानंतर काही मिनिटांतच वाचकाचे उत्तर येते. या तीन गोष्टींमुळे लेखनव्यवहार बदलतो, हे सर्वांनाच ठाऊक आहे. त्यामुळे लेखकाच्या आवाजाचे काय होते, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे. माझ्यापुरते उत्तर आधीच सांगून टाकते: आवाज सापडत नाही. समोर कोण आहे यावरून तो ठरतो आणि सवयीने तो टिकतो.

२

वॉल्टर ऑंग यांनी १९७५ साली एका निबंधात असे प्रतिपादन केले होते की, लेखकाचा श्रोतृवर्ग ही नेहमीच एक कल्पित गोष्ट असते. वक्त्यासमोर माणसे बसलेली असतात. लेखकासमोर कोणीही नसते. म्हणून लेखकाला आपला वाचक कल्पावा लागतो आणि प्रत्यक्ष वाचकालाही ती कल्पिलेली भूमिका स्वीकारावी लागते. छापील साहित्याच्या संदर्भात हे विवेचन मला आजही पटते. लेखक आणि वाचक यांच्यामध्ये छापखाना, टपाल, ग्रंथालय आणि काळ यांचे अंतर होते, तोपर्यंत वाचक लेखकाच्या मुठीत होता. लेखक त्याला हवा तसा रसिक, सुजाण किंवा अडाणी कल्पू शकत होता.

ऑनलाइन लेखनात हे अंतर उरत नाही. वाचकाला नाव असते, गाव असते आणि मुख्य म्हणजे मत असते. तो कल्पित राहत नाही. येथे एक उलटापालट होते, ती लक्षात घ्यावी लागते. वाचक प्रत्यक्षात उतरू लागला की लेखकच कल्पित होऊ लागतो. वाचकांना जी बाई आवडली, ती बाई पुढच्या रविवारी पुन्हा उभी करण्याचा मोह होतो. कोणत्या परिच्छेदाला किती माणसांनी दाद दिली हे आकड्यांनी समोर दिसत असते. त्या आकड्यांच्या अनुरोधाने वाक्ये वळू लागतात आणि लेखकाच्या आवाजाऐवजी टाळ्यांचा प्रतिध्वनी ऐकू येऊ लागतो. संपादक नसल्यामुळे मिळालेल्या स्वातंत्र्याची ही दुसरी बाजू आहे. एका संपादकाच्या जागी येथे शेकडो संपादक असतात आणि ते लेख छापून आल्यावर संपादन करतात.

३

मराठवाड्यातील लेखकाच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तो भाषेचा होय. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि कचेरीची भाषाही तीच होती. मराठी घरात होती, कीर्तनात होती, बाजारात होती. परंतु विचार मांडण्याची आणि वाद घालण्याची भाषा म्हणून ती येथे उशिरा आली. आली तीही पुण्या-मुंबईच्या पुस्तकांतून. त्यामुळे येथील पहिल्या पिढ्यांना प्रमाण मराठी ही आपल्याच भाषेतील दुसऱ्याचे घर वाटावी, असा प्रकार होता. त्या घरात पाय पुसून जायचे, आणि बसायचे ते खुर्चीच्या कडेवर.

माझे माहेर लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातले आणि नोकरी नांदेडला. या दोन गावांमध्ये लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने एसटीचा तीन-साडेतीन तासांचा प्रवास आहे. तेवढ्या प्रवासात क्रियापद बदलते. लातूरकडे 'काय करायलास' म्हणतात. नांदेड-परभणीकडे 'काय करू लालास' असे ऐकू येते. देगलूर-बिलोलीकडे तेलुगूची आणि उदगीर-निलंग्याकडे कन्नडची झाक वाक्याच्या हेलात उतरते. या सर्व छटा मला ऐकू येत होत्या. प्रबंध लिहिताना मात्र मी जी भाषा शिकले, तिच्यात बोलणारे माणूसच नव्हते. 'असे दिसून येते', 'असे म्हणावे लागेल', 'प्रस्तुत अभ्यासकाच्या मते' अशी ती भाषा. ज्ञानव्यवहारासाठी ती आवश्यकच आहे आणि आजही मी ती वापरते. या लेखातही वापरते आहे. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु तिच्यात वाचकाला संबोधन करता येत नाही. ती सर्वांसमोर बोलते आणि कोणाशीही बोलत नाही.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा एक मार्ग नांदेडमध्येच उपलब्ध होता. तो नरहर कुरुंदकरांच्या गद्याचा. १९३२ ते १९८२ या अवघ्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात कुरुंदकरांनी साहित्य, इतिहास, राजकारण, संगीत, नाट्यशास्त्र अशा अनेक क्षेत्रांत लेखन केले. ते पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य होते, हे सर्वविदित आहे. त्यांच्या गद्याचे मूळ व्याख्यानात आहे, हेही अनेकदा सांगितले गेले आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते असे की, त्यांच्या गद्यात समोर बसलेला माणूस असहमत असतो. कुरुंदकर त्याचा मुद्दा त्याच्यापेक्षा चांगला मांडतात आणि मगच स्वतःचा मुद्दा सुरू करतात. 'जागर' (१९६९) आणि 'शिवरात्र' (१९७०) या संग्रहांतील लेखांची वाक्ये लहान आहेत, कारण असहमत माणसाला लांब वाक्य ऐकण्याचा धीर नसतो. तेथे शैलीचा शोध घेतलेला दिसत नाही. समोरच्या माणसाला चुकवायचे नाही, या निश्चयातून ती घडलेली दिसते.

याहून बोलके उदाहरण 'श्रीमान योगी' या १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीच्या प्रस्तावनेचे आहे. ती प्रस्तावना म्हणजे कुरुंदकरांनी रणजित देसाई यांना लिहिलेले पत्र होय. शिवाजी महाराजांच्या व्यक्तित्वाविषयीचे ते विवेचन गेल्या पाच दशकांत असंख्य वाचकांनी वाचले. परंतु ते एका माणसाला उद्देशून आहे. त्यामुळेच त्यात ना प्रबंधाचा अलिप्तपणा आला, ना व्यासपीठावरचा आवेश. एका जाणत्याला उद्देशून लिहिलेले अनेकांना ऐकू येते. अनेकांना उद्देशून लिहिलेले पुष्कळदा एकालाही ऐकू येत नाही. ऑनलाइन लेखनाचा विचार करताना मला हे पत्र वारंवार आठवते.

४

येथे एक अनुभव नोंदवणे आवश्यक आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त झाली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. मी तेव्हा सातवीत होते. आमच्या घराची एक बाजू खाली आली. घरातील सर्व माणसे वाचली. २०२३ साली या घटनेला तीस वर्षे झाली. तो दिवस शनिवार होता. त्या दिवशी सकाळपासून पडदा आठवणींनी भरून गेला होता. माझा लेख रविवारी, १ ऑक्टोबरला जायचा होता.

लेख लिहिताना एका शब्दावर मी बराच वेळ थांबले. आमच्याकडची जुनी घरे मातीत रचलेल्या दगडी भिंतींची असत. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. वर्षानुवर्षे पाऊस गळू नये म्हणून त्यावर माती पडत राही आणि वजन वाढत जाई. उन्हाळ्यात घर गार राही ते त्या मातीमुळे, आणि त्या पहाटे माणसे दडपून गेली तीही तिच्यामुळेच. या छपराला आमच्याकडे माळवद म्हणतात. माझ्या वाचकांत पुणे, मुंबई, गोवा आणि परदेशातील मराठी माणसे होती. 'छत' म्हटले असते तर सर्वांना कळले असते. 'माळवद' म्हणून पुढे खुलासा दिला असता तर तेही चालले असते. मी 'माळवद' लिहिले आणि खुलासा दिला नाही.

दुपारपर्यंत दोन उत्तरे आली. एका शहरी वाचकाने शब्दाचा अर्थ विचारला. तो मी त्यांना कळवला. दुसरे उत्तर आमच्याच भागातल्या एका गृहस्थांचे होते. त्यांनी त्या पहाटे घरातली तीन माणसे गमावली होती. त्यांनी एवढेच लिहिले होते: "ताई, माळवद म्हणलाव ते बरं केलाव. छत म्हणलं असतं तर पुढं वाचलोच नसतो."

या उत्तराने मला आवाजाविषयी जे शिकवले, ते शैलीविज्ञानाच्या पुस्तकांतून उमगले नव्हते. ज्या माणसाचा त्या घटनेवर माझ्यापेक्षा अधिक अधिकार आहे, तो वाचणार आहे, हे ध्यानात ठेवले की भाषेतील बराच भाग आपोआप गळून पडतो. 'निसर्गाचे तांडव', 'काळाचा घाला' यांसारखे शब्दसमूह त्याच्यासमोर उच्चारता येत नाहीत. ऑंग म्हणतात त्याप्रमाणे वाचक कल्पावाच लागतो. परंतु तो कोणत्या द्रव्यातून घडवायचा, हे लेखकाच्या हाती आहे. दाद देणाऱ्यांमधून तो घडवता येतो, आणि ज्याची फसवणूक करता येणार नाही अशा माणसामधूनही तो घडवता येतो. आवाज बदलतो तो येथे.

५

मात्र याच अनुभवाची एक उलट बाजूही आहे आणि तिचा विचार बोलीच्या अभ्यासकांनी करावा असे मला वाटते. त्या लेखानंतर 'अस्सल मातीचा गंध', 'गावरान गोडवा' अशा शब्दांत कौतुक करणारी बरीच उत्तरे आली. पुढच्या लेखांत बोली अधिक यावी, अशी मागणीही झाली. ग्रामीण कथेत पूर्वी एक वाटणी सर्रास दिसे. निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद बोलीत. या वाटणीमागे असलेली उतरंड समीक्षेने दाखवून दिलेली आहे. आजच्या ऑनलाइन लेखनात ती उतरंड मोडल्यासारखी वाटते, कारण निवेदनातही बोली येते आणि तिला मान मिळतो. पण हा मान कित्येकदा जत्रेतल्या खेळण्याला मिळतो तसा असतो. लेखक 'लई', 'उगं', 'मायबाप' असे चार शब्द पेरतो. आशय मात्र कोणत्याही शहरी सदरातला असतो.

मी स्वतःसाठी एक साधी कसोटी ठरवली आहे. बोलीतील शब्द वस्तूकडे बोट दाखवतो की लेखकाकडे? 'माळवद' हा शब्द वस्तूकडे बोट दाखवतो. त्यावाचून ती वस्तू सांगता येत नाही. 'येळवस' हाही तसाच. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर भागात लोक शेतात जाऊन कोपीत पूजा करतात. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे असा बेत असतो. त्या दिवसाला पुस्तकात 'वेळ अमावास्या' म्हटले तरी आमच्या जिभेवर 'येळवस' हाच शब्द असतो, आणि त्या शब्दात जी गर्दी, जो रिकामा झालेला गाव आणि जे शेजाऱ्याच्या शेतातले जेवण आहे, ते 'वेळ अमावास्ये'त उतरत नाही. उलट मी निवेदनात 'मी लिहायले' असे लिहिले, तर वाचकाचे लक्ष लिहिण्याकडे जाण्याऐवजी माझ्याकडे जाईल. म्हणून माझ्या लेखांतील क्रियापदे प्रमाण आहेत आणि नामे गावची आहेत. हा नियम सर्वांनी पाळावा असे माझे म्हणणे नाही. दुसऱ्या कोणा लेखकाच्या बाबतीत क्रियापदातच सारे सत्त्व असू शकेल. कसोटी लावण्याची सवय मात्र हवी.

६

'सवय' हा शब्द येथे मुद्दाम वापरते आहे. आपल्या समीक्षेला प्रतिभेविषयी बोलण्याची आवड आहे, सवयीविषयी नाही. लेखकाचा आवाज दीर्घकाळ टिकतो तो सवयींच्या आधारावर, आणि ज्या लेखनाला बाहेरून कोणतेही बंधन नाही तेथे तर सवय हेच एकमेव बंधन उरते.

माझ्या सवयी साध्या आहेत. पहिला खर्डा हाताने, पाठकोऱ्या कागदावर होतो. बहुधा नांदेड-लातूर प्रवासात, जेथे अक्षर वेडेवाकडे येते आणि म्हणून वाक्य छोटे राहते. शुक्रवारी तो टंकलिखित करते आणि शनिवारी रात्री मोठ्याने वाचते. जे वाक्य उच्चारताना जिभेला अडते, ते काढते. रविवारी लेख प्रसिद्ध केल्यावर मंगळवारपर्यंत कोणत्याही मताला उत्तर देत नाही. शब्दाचा अर्थ विचारणाऱ्याला तेवढे लगेच कळवते. दोन दिवसांत रागाची आणि कौतुकाची धार सारखीच बोथट होते, आणि उरते ते उत्तर देण्याजोगे असते. वाचकसंख्या मी पाहत नाही. छापखान्यामुळे जे अंतर लेखकाला आपोआप मिळत होते, ते आता त्याला स्वतः निर्माण करावे लागते, एवढाच या सवयींचा अर्थ आहे.

टंकलेखनाची सवय स्वतंत्रपणे विचारात घ्यावी लागेल. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. परंतु आपल्याकडे दीर्घकाळ प्रत्येक संगणकाचा फॉन्ट वेगळा होता आणि एका ठिकाणी लिहिलेला मजकूर दुसऱ्या ठिकाणी निरर्थक चिन्हांचा पुंजका होऊन उघडे. ती अडचण आता बहुतांशी मिटली आहे. तिची जागा एका सूक्ष्म अडचणीने घेतली आहे. मोबाइलचा कळफलक पुढचा शब्द सुचवतो. 'येळवस' लिहू गेले की तो दुसराच शब्द पुढे करतो. बोलून लिहायला सांगितले तर 'तुम्ही काय करायलाव' यातील शेवटचा व तो गाळून टाकतो आणि 'करायला' असे अर्धवट रूप उमटवतो. ज्या भाषेत अधिक मजकूर उपलब्ध आहे तिच्याकडे यंत्र झुकणार, हे स्वाभाविकच आहे. पण त्याचा परिणाम असा की, प्रत्येक शब्दाला लेखकापुढे एक गुळगुळीत पर्याय तयार असतो आणि तो स्वीकारणे हे नाकारण्यापेक्षा सोपे असते. मी सूचना बंद करून लिहिते. त्यामुळे वेग कमी होतो. परंतु माझ्या वाक्याचा पुढचा शब्द कोणता, हे मला अजून ठाऊक नसते, ही अवस्था त्यामुळे शाबूत राहते. लेखनाला ती अवस्था आवश्यक आहे.

७

ऑनलाइन लेखन ही सर्वस्वी नवी गोष्ट आहे, असे मानणे मराठीच्या अभ्यासकाला अवघड जावे. मराठी गद्याच्या आरंभी असलेले 'लीळाचरित्र' हे बोललेल्या शब्दांचे संकलन आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ज्यांनी चक्रधरांना पाहिले-ऐकले होते, त्यांच्याकडे जाऊन आठवणी गोळा केल्या. त्यातील लीळा लहान आहेत, संवादरूप आहेत आणि पाठभेदांसह आपल्यापर्यंत आल्या आहेत. त्यांत महदाइसा सतत प्रश्न विचारताना दिसते. तिच्यासारख्यांनी विचारले म्हणून चक्रधर बोलले आणि म्हणून त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो. पुढे 'स्मृतिस्थळा'त नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशोबासांना अडवल्याची हकिकत आहे. पंथातील म्हाताऱ्या स्त्रियांना ते कळणार नाही, हे त्यांचे कारण होते. आपला वाचक कोण हे ठरवले, आणि त्यावरून भाषा ठरली. सुमारे सातशे वर्षांपूर्वीच्या या निर्णयात आवाजाविषयीचा पुष्कळ विचार सामावलेला आहे.

फरक एवढाच की, महदाइसेच्या प्रश्नाला चेहरा होता आणि तो लिहून ठेवण्यापूर्वी बराच काळ स्मरणात मुरला होता. आज प्रश्न येतो तो चेहऱ्यावाचून आणि मुरण्यापूर्वी. उत्तर देणाऱ्याने दोन्ही गोष्टी स्वतःकडून पुरवायच्या आहेत. चेहरा कल्पनेने पुरवायचा, मुरण्याचा काळ सवयीने.

यावरून पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक सूचना करावीशी वाटते. अलीकडे ऑनलाइन लेखनावर लघुप्रबंध लिहिण्याकडे कल वाढतो आहे. त्यांत विषयसूची असते, भाषेतील इंग्रजी शब्दांची मोजदाद असते आणि शेवटी लेखकाच्या 'स्वतंत्र आवाजा'विषयी एक परिच्छेद असतो. त्या परिच्छेदाऐवजी दोन प्रश्न विचारून पाहावेत. हे लेखन कोणाला उद्देशून आहे? आणि लिहिणे व प्रसिद्ध करणे यांमध्ये लेखकाने किती काळ जाऊ दिला आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वाक्यरचनेत सापडते, दुसऱ्याचे विशेषणांच्या संख्येत. ही दोन उत्तरे हाती आली की 'आवाज' या रूपकावर भिस्त ठेवण्याची गरज बरीच कमी होते.